सोनीच्या बादलीत गेलेली ताकद

आमच्या घरात गेल्या वर्षी सगळ्यात ठणठणीत कोण होतं, तर म्हैस. सोनी तिचं नाव. अंगावर अशी चकाकी, की माशी बसली तरी घसरावी. आणि तिची मालकीण, म्हणजे मी, भिंत धरून मोरीपर्यंत जात होते. मालकिणीची ताकद म्हशीच्या बादलीत जात होती आणि ती मी स्वतःच्या हाताने ओतत होते, हे कळायला मला शहरातल्या मोठ्या दवाखान्यात जाऊन पडावं लागलं. आता बरी आहे म्हणून हसू येतं. तेव्हा हसू येत नव्हतं.

मी मंगल. पौडच्या पुढे आत वळलं की आमचं गाव. आमची भातगिरणी आहे. गिरणी चालवतात आमचे हे, आणि ह्यांना चालवते मी. पंचक्रोशीतला आंबेमोहोर, इंद्रायणी आमच्याकडे भरडायला येतो. आमच्या तांदळाची ख्याती अशी, की पोत्यात हात घातला तर मोती हाताला लागल्यासारखं वाटावं. कोंडा काढणाऱ्या पॉलिशरमधून तांदूळ एकदा काढून माझं समाधान व्हायचं नाही. घरच्या तांदळाला तर तीनदा.

मला झाला तो आजार म्हणजे बेरीबेरी. नाव लहान मुलांच्या खेळासारखं आहे. आजार तसा नाही.

पथ्य करावं तर मंगलनं

सुरुवात काविळीने झाली. श्रावणात डोळे पिवळे झाले. गावच्या डॉक्टरांनी औषध दिलं, थोडे दिवस हलकं खा म्हणाले. कुणीतरी काविळीची माळ आणून गळ्यात घातली. ती पोटापर्यंत लांबली की कावीळ उतरते म्हणतात. माळ लांबली, कावीळ उतरली, नवरात्रापर्यंत डोळे पांढरे झाले. एवढ्यावर सोडलं असतं तर हे लिहायची वेळच आली नसती.

पण मी पडले पथ्याची कडक. कावीळ उलटते, हे लहानपणापासून ऐकलेलं. आमच्याकडे काविळीत पिवळं काही खायचं नाही असा दंडक. म्हणून हळद बंद. तूरडाळ पिवळी, ती बंद. मग बाकीच्या डाळी तरी कशाला, म्हणून त्याही बंद. तेल बंद, भाकरी जड म्हणून बंद, शेंगदाणे पित्ताचे म्हणून बंद. उरलं काय, तर मऊ पांढरा भात, त्यावर साखर, उसाचा रस आणि चहा. भात तरी कसा? तीनदा पॉलिश केलेला, पाणी नितळ येईपर्यंत धुतलेला आणि वरची पेज निथळून काढलेला. पेज सोनीच्या बादलीत. गिरणीतला कोंडाही सोनीच्याच बादलीत.

दिवाळीला घरात फराळ झाला. मी करंजीच्या सारणाला बोटसुद्धा लावलं नाही. बायका म्हणायच्या, "पथ्य करावं तर मंगलनं." मला ते ऐकायला फार गोड वाटायचं.

आमची सून प्राजक्ता हिंजवडीला कंपनीत आहे. मुलगा परदेशात कामावर, म्हणून ती शनिवार-रविवारी आमच्याकडे यायची. ती एकदा म्हणाली, "आई, माझ्या ऑफिसातले लोक बिनपॉलिशचा तांदूळ शोधत फिरतात. तुम्ही थोडा खाऊन तर बघा."

"कोंड्यासकट? म्हस हाय व्हय मी?" मी म्हणाले.

ती हसून गप्प बसली. शहाणी आहे पोरगी.

ग्लुकोज

दिवाळीनंतर अंगातली शक्ती उतरायला लागली. जिना चढताना मांड्या भरून यायच्या, चार पायऱ्यांत दम लागायचा. पोटऱ्या दुखायच्या. तळव्यांना आधी मुंग्या आल्या, मग आग, आणि मग काहीच नाही. एक दिवस मी गिरणीतून घरी आले आणि ओट्यावर बसले, तर ह्यांनी विचारलं, "एक चप्पल कुठं गेली?" मी खाली बघितलं. डाव्या पायात चप्पलच नव्हती. वाटेत कुठे निसटली होती, मला पत्ताच नव्हता. आम्ही त्यावर खूप हसलो. रात्री झोपताना मात्र ती चप्पल माझ्या डोक्यातून जाईना.

अशक्तपणा म्हटला की आमच्याकडे एकच औषध. ग्लुकोज. माझ्या नणंदबाई, शालनवन्सं, ह्यांच्या थोरल्या बहीण. पिरंगुटला राहतात. जीव लावायचा तर त्यांनीच. त्या बसने यायच्या आणि पिशवीतून ग्लुकोजचे डबे काढायच्या. भांडंभर पाण्यात चांगलं घट्ट कालवून समोर उभ्या राहायच्या.

"पी गं मंगल. डोळं बघ कसं गेल्यात आत. ह्यानं तरतरी येती."

मी प्यायचे. घटकाभर बरं वाटायचं आणि मग आणखी गळून जायचे. गळून गेले की वन्सं आणखी एक भांडं कालवायच्या. भेटायला येणारे बिस्किटं आणि ग्लुकोज घेऊनच यायचे. फडताळात एवढे डबे साठले, की दुकान टाकता आलं असतं.

पुढे पावलं सुजली, घोटे दिसेनासे झाले. तेव्हा आम्ही गावच्या डॉक्टरांकडे गेलो. ते म्हणाले, मोठ्या दवाखान्यात दाखवा. पण सलाईन लागल्याशिवाय आजारी माणसाची किंमत झाली असं आमच्याकडे कुणाला वाटत नाही. मी म्हणाले, "डॉक्टर, आदी एक ग्लुकोजची बाटली लावा. मग बगू." ते नको म्हणत होते. मी आणि वन्सं दोघी मिळून त्यांच्या मागे लागलो. दोन बायकांपुढे बिचाऱ्याचं काय चालणार?

बाटली संपली आणि संध्याकाळपर्यंत मला आडवं पडता येईना. आडवं पडलं की छातीवर कुणी पोतं ठेवल्यासारखं व्हायचं. प्राजक्ताने गाडी काढली. पौड रस्त्याला नेहमीची गर्दी. मागच्या सीटवर हे माझा हात धरून बसले होते. लग्नाला एवढी वर्षं झाली, पण रस्त्यात, दहा माणसांच्या देखत ह्यांनी माझा हात कधी धरला नव्हता. मी तेव्हा घाबरले. म्हटलं, मंगल, आता काही खरं नाही.

टाचणी

दवाखान्यात नाकाला प्राणवायू लावला, रक्त घेतलं, छातीचे फोटो काढले. पाण्याची सूज उतरायचं औषध दिलं. थोडा श्वास मोकळा झाला. वॉर्डातली सकाळ मोठी गमतीची असते. अंधार असतानाच कुणीतरी ताप बघायला येतं, मग झाडूवाल्या मावशी, मग चहा, मग रक्तवाले. सगळे येऊन आपल्याला उठवतात आणि जाताना म्हणतात, आराम करा.

मोठ्या डॉक्टर आल्या त्या वयाने माझ्या सुनेएवढ्या. त्यांनी माझ्या गुडघ्यावर हातोडी मारली. पाय हलला नाही. मग म्हणाल्या, "काकू, डोळे मिटा. टोचलं की सांगा."

मी डोळे मिटून वाट बघत बसले. म्हटलं, ही बाई टोचत का नाही?

डोळे उघडले तर त्या माझ्या तळव्यालाच टाचणी लावून बसल्या होत्या. हे पायापाशी उभे होते. त्यांचा चेहरा बघवला नाही.

"कदी टोचलं?" मी विचारलं.

"मघापासून टोचतेय," त्या हळू म्हणाल्या.

मला रडू आलं. वॉर्डात सगळ्यांसमोर आलं. गिरणीत दिवसभर उभी राहणारी बाई मी, माझे पायच माझे राहिले नव्हते. शिरांचा कुठलातरी वाईट आजार असेल, अंथरुणात पडून राहावं लागेल, हे सगळं एका दमात डोक्यात येऊन गेलं.  ह्यांना बोलता येत नाही अशा वेळी. शेवटी घसा खाकरून म्हणाले, "म्याडम, एकांदी ग्लुकोजची बाटली लावता का? लई गळालीय ती."

"आत्ता अजिबात नाही," डॉक्टर म्हणाल्या. "काकू, मला एक सांगा. दारू पिता का?"

मी रडायचीच थांबले.

"मला इचारताय? दारू?"

"विचारावं लागतं. दारूनेही पाय असे बधिर होतात."

"आवो, म्या चहात आलं घालताना दोनदा इचार करते! उष्ण पडंल म्हणून!"

शेजारच्या खाटेवरच्या बाई तोंडाला पदर लावून हसायला लागल्या. डॉक्टरही हसल्या. "बरं, मग खाता काय, ते सांगा. सकाळपासून रात्रीपर्यंत. काही सोडू नका."

हा प्रश्न मला इतक्या दिवसांत कुणी विचारलाच नव्हता. मी उत्साहाने सांगितलं. तीनदा पॉलिश, नितळ पाणी, निथळलेली पेज, पिवळं बंद, साखर, रस, ग्लुकोज. वाटलं, आता ह्या म्हणणार, पथ्य करावं तर काकूंनी.  त्यांनी तर सिस्टरांना बोलावून इंजेक्शन लिहून दिलं. रक्ताचे रिपोर्ट यायचेत, पण मी त्यांच्यासाठी थांबत नाही, म्हणाल्या.

एवढं खाल्लं ते गेलं कुठं?

रिपोर्ट आल्यावर मी त्यांना हाच प्रश्न विचारला. साखर, भात, रस, ग्लुकोज, एवढं पोटात घातलं ते गेलं कुठं? ताकद का नाही आली?

त्या खाटेच्या कडेला बसल्या. म्हणाल्या, "काकू, आपण नाकाने घेतो तो श्वास नुसता आत आणायचा. खरा श्वास घेतात त्या पेशी. हाताची, पायाची, हृदयाची, एकूण एक पेशी. प्रत्येकीत बारक्या बारक्या भट्ट्या असतात. आपण खाल्लेली साखर भट्टीच्या दाराबाहेर फुटते, तिचे दोन तुकडे होतात. त्यातून ताकद निघते, पण अगदी थोडी. ते तुकडे दारातून आत गेले, तिथं श्वासातल्या प्राणवायूने हळूहळू जळले, की मग खरी ताकद मिळते. पाय त्यावर चालतात, हृदय त्यावर चालतं."

"मग माझं काय झालं?"

"दारातून आत न्यायला एक जीवनसत्त्व लागतं. बी-वन. ते तुमच्याकडे संपलं होतं. तुकडे दाराबाहेरच साठले आणि त्यांचं आंबट आम्ल झालं. तुम्ही ग्लुकोज पीत गेलात, की ढीग वाढायचा आणि उरलंसुरलं बी-वनही त्यातच खर्च व्हायचं. ताकद नाही म्हणून पाय बधिर झाले, हृदय थकलं आणि अंगात पाणी साठलं."

मला लगेच समजलं. सुगीत आमच्या गिरणीचं तोंड एकदा तुंबलं होतं. आत दाणा जाईना आणि बाहेर भाताने भरलेले टेम्पो येतच राहिले. अंगणात पोत्यांची थप्पी लागली, खालची पोती भिजून आंबली, आणि घरात शिजवायला मूठभर तांदूळ नव्हता. माझ्या अंगात तेच झालं होतं. आणि आम्ही आणखी टेम्पो मागवत होतो.

"आनि ते बी-वन आसतं कुटं?" मी विचारलं.

"डाळीत, कडधान्यात, शेंगदाण्यात. आणि तांदळाच्या वरच्या सालीत. कोंड्यात. राहिलेलं धुतल्या पाण्यात आणि पेजेत जातं."

ह्यांनी माझ्याकडे बघितलं. मी ह्यांच्याकडे. दोघांच्याही डोळ्यांसमोर सोनी उभी राहिली. एवढ्या दिवसांत हे पहिल्यांदा हसले, आणि असे हसले की सिस्टर धावत आल्या.

त्या इंजेक्शनाला औषधाचा उग्र वास यायचा. मला तो अत्तरासारखा वाटायला लागला. कारण पहिल्या इंजेक्शननंतर दुसऱ्या दिवशीच मी उशी काढून आडवी पडले आणि छातीवर पोतं नव्हतं. सूज उतरत गेली. डॉक्टर म्हणाल्या, हृदय लवकर सावरतं. पायांचं मात्र सांगता येणार नाही. शिरा सावकाश भरतात. काहींच्या पूर्ण भरतात, काहींच्या थोड्या राहून जातात.

"माज्या?"

"वाट बघू," त्या म्हणाल्या. "तोपर्यंत एक गोष्ट पक्की. अनवाणी एक पाऊलसुद्धा टाकायचं नाही. काच लागली तरी तुम्हाला कळणार नाही."

वन्सं

वन्सं दवाखान्यात आल्या त्या पिशवी घेऊनच. पिशवीतून डबा निघाला. प्राजक्ता दोन रात्री जागलेली होती. तिच्या तोंडून निघून गेलं, "आत्या, ते ठेवा आधी आत. त्यानेच आई मरायला टेकल्या होत्या."

 वन्संनी डबा पिशवीत ठेवला, माझ्या केसांवरून हात फिरवला आणि निघून गेल्या. नंतर फोन केला तर उचलेनात. मी घरी आले तरी आल्या नाहीत. हे बहिणीच्या बाजूने, मी सुनेला काही बोलू शकत नव्हते, सून स्वतःवरच चिडलेली. घरात तिघं माणसं आणि कुणी कुणाशी धड बोलेना. आजारापेक्षा मला तेच जास्त लागलं. त्या डब्यात वन्संनी माया कालवली होती, विष नव्हे. न कळणाऱ्यांत मी सगळ्यांच्या पुढे होते.

शेवटी प्राजक्ता स्वतः पिरंगुटला गेली आणि त्यांना गाडीत घालून घेऊन आली. काय बोलली ते दोघींनी मला अजून सांगितलेलं नाही. वन्सं दारातच उभ्या राहिल्या.

"मंगल, म्या तुला मारीत हुते गं," म्हणाल्या, आणि पदर डोळ्यांना लावला.

"वन्सं, बाटली लावायला डॉक्टरच्या मागं कोण लागलं हुतं? तुमी एकट्या व्हय?" मी म्हणाले. "या आत. भूक लागलीय मला."

हे ऐकलं आणि त्यांनी पदर खोचला. त्या दिवशी मटकीची उसळ झाली, नाचणीची भाकरी झाली, शेंगदाण्याची चटणी झाली. आणि हलकं, एकदाच भरडलेल्या लालसर तांदळाचा भात पेजेसकट झाला. मी जेवत होते आणि वन्सं समोर बसून माझा घास न् घास बघत होत्या. सोनी गोठ्यातून ओरडत होती. तिची बादली त्या दिवशी पहिल्यांदा अर्धी होती.

उंबरा

डॉक्टरांनी अनवाणी चालायचं नाही असं सांगितलं होतं. आणि आमच्या गिरणीत चप्पल घालून कुणी जात नाही. तिथं दाणे सांडलेले असतात, धान्यावर चप्पल कशी ठेवायची? गिऱ्हाईक मोठ्या गाडीतून आलं तरी बूट बाहेर काढतं, हा माझाच नियम. आता नियम मोडायचा तर मीच.

हे म्हणाले, "तू जा की चप्पल घालून. आजारी मानसाला लक्ष्मी काय म्हनायची न्हाई."

"लक्ष्मी न्हाई म्हनायची. म्या म्हनंन," मी म्हणाले.

म्हणून उंबऱ्याबाहेर खुर्ची टाकून बसले. मागे पट्टा असलेल्या सँडल प्राजक्ताने आणून दिल्या, त्या घालून. रोज व्यायाम करायचा, काठी घेऊन अंगणात फेऱ्या मारायच्या आणि मग खुर्चीत बसून आत ओरडायचं. मोटरचा पट्टा सैल झालाय! पोतं नीट शिवा! गिरणीच्या आवाजात कुणाला काही ऐकू जायचं नाही, आणि ते सगळ्यांच्या सोयीचं होतं. काठी सुटली, दम लागायचा थांबला, जिना चढायला लागले. पण तळवे मुके ते मुकेच. मी रोज हात लावून बघायचे. दुसऱ्या कुणाच्या पायाला हात लावल्यासारखं वाटायचं. मी कुणाला दाखवलं नाही, पण मनात धरून चालले होते, की आता आपण उंबऱ्याच्या बाहेरच.

कुणाला असा आजार झाला तर दोन गोष्टी सांगते. डॉक्टरांनी विचारलं नाही तरी आपण काय खातो ते आपणहून सांगा. आणि पथ्य किती दिवस करायचं ते विचारून घ्या, शेजारणीच्या कौतुकावर जाऊ नका. बाकी मला अक्कल शिकवता येत नाही. मलाच ती उशिरा आली.

यंदा कार्तिकात नवा भात आला. अंगणात थप्प्या लागल्या. गिरणीच्या दाराला आता दोन रांगा असतात, एक पांढऱ्या तांदळाची आणि एक कमी पॉलिशची. दुसऱ्या रांगेत हिंजवडीच्या गाड्या जास्त. प्राजक्ताने मला "म्हस हाय व्हय मी" हे वाक्य अजून एकदाही ऐकवलेलं नाही. मी तिच्या जागी असते तर रोज ऐकवलं असतं.

त्या दुपारी ऊन चढलं म्हणून मी सँडलचा पट्टा सोडला आणि खुर्चीत बसल्या बसल्या पाय जरा मोकळे सोडले. वाऱ्याने उंबऱ्याशी तूस आणि काड्या उडून आल्या होत्या. वन्सं शेजारी बसून कडधान्य निवडत होत्या. मी पाय खाली टेकवला.

आणि मी ओरडले. अशी ओरडले, की आत ह्यांनी घाबरून गिरणी बंद केली. सगळीकडे एकदम शांत झालं. हे अनवाणी धावत बाहेर आले.

"काय झालं? पडलीस?"

मी डावा पाय वर उचलून धरला होता. तळव्यात भाताचं कुसळ घुसलं होतं. बारीकसं, केसाएवढं. आणि टोचत होतं. असं टोचत होतं, असं लखलखीत टोचत होतं, की माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"टोचलं!" मी म्हणाले. "आवो, टोचलं मला!"

ह्यांना क्षणभर कळलंच नाही. मग कळलं, आणि ते माझ्यासमोर उंबऱ्यावर मटकन बसले. वन्संच्या मांडीवरची परात कलंडली आणि मटकी अंगणभर पसरली. ती उचलायचं कुणाच्या मनात आलं नाही. ह्यांनी माझा पाय मांडीवर घेतला, चष्मा कपाळावरून खाली ओढला आणि कुसळ काढायला नखं पुढे केली.

मी पाय मागे घेतला.

"ऱ्हाऊ द्या की वाईच," मी म्हणाले. "लई दिसांनी दुकतंय."